रामहरीची कानस

सुनेनं, पूनमनं, विचारलं नाही, याचाच बजाबाईला जास्त राग होता. नवरा रामहरी गेल्यापासून त्याची कानस खुंटीला टांगलेली होती. घासून घासून दात गेलेले, पण तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पूनमनं ती काढली, भट्टीत घातली आणि ठोकून तिची सुरी केली. बजाबाईला कळलं तेव्हा सुरीच्या पाठीवरचा मातीचा लेपसुद्धा वाळला होता.

"ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची का न्हाय केलीस? केम गावात आपल्या घरचे विळे-कोयते कशाचे व्हत्यात?"

"दोनदा केली की, आत्या. पाट्याला रेघच उठंना. सोलापूरच्या गिऱ्हाइकाला पात्यावर नागमोडी रेघ पायजे. त्याला कानशीचंच पोलाद लागतंय."

"माढ्याच्या बाजारात जुन्या कानशी मिळत न्हाईत व्हय? मेल्या माणसाचीच गावली?"

पूनम भाता ओढत राहिली.

"आन् तेलात घातल्यावर तडकली म्हंजे?"

"तर गेली."

तडकली तर रामहरीच्या हातातलं घरात काहीच उरणार नव्हतं. बाहेर ऊन रखरखत होतं. पूनम डोळे बारीक करून भट्टीतल्या सुरीकडं बघत होती. बजाबाई कण्हत उठली आणि तिनं दारावरचं गोणपाट खाली सोडलं.

"उजेडात लाली कळती व्हय कुणाला," ती भिंतीला म्हणाली.

अंधारात धार पिकल्या बोरासारखी झाली. पूनमनं सुरी कोमट तेलात बुडवली. धूर उठला. दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. बारीकसा 'टिक' झाला की संपलं.

काहीच वाजलं नाही.

मग पूनमनं माती खरवडली, सुरी मंद आचेवर शेकून कडकपणा थोडा उतरवला आणि दगडावर घासायला घेतली. दुपार कलल्यावर तिनं पात्यावर लिंबू चोळलं. मातीखालची पाठ सावकाश निवली होती, उघडी धार एकदम. त्या दोन्हींच्या मधोमध धुरकट, वळणावळणाची रेघ वर आली. टोकाशी मात्र पुसट होती. तिथली माती सुटली असणार.

बजाबाईनं पातं गोणपाटाच्या फटीतल्या उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. रामहरीनं घासलेल्या कशातच तिनं असलं काही बघितलं नव्हतं, आणि हे सुनेला सांगायची तिची तयारी नव्हती.

"आत्या, बोला की काहीतरी."

"विचारलं असतंस तर मी न्हायच म्हटलं असतं," बजाबाई म्हणाली. "तुला ते ठावं व्हतं, म्हणून तू विचारलं न्हाईस. ही चोरीच हाय, आन् मी मरंपर्यंत चोरीच म्हणणार. काम चांगलं झालंय. ही विकायची न्हाय. गिऱ्हाइकाला बाजारातल्या कानशीची दुसरी करून दे, आन् टोकाला माती नीट लाव."