उजवीकडून आलेला पास

मी बिस्किटांच्या कारखान्यातल्या महिला संघाचा बास्केटबॉल. रबराचे आठ तुकडे चिकटवून मला जन्माला घातलं आणि पोटात हवा भरली. डोक्यात हवा असलेली माणसं मला पुढे पुष्कळ भेटली. मी निदान ती पोटात ठेवतो.

कामगारांची तब्येत सुधारावी म्हणून कल्याण अधिकाऱ्यांनी मला विकत आणलं. कामाचे तास कमी केले असते तरी ती सुधारली असती, पण मग फोटो कसला काढणार?

संघात अधिकाऱ्यांची भाची होती. कल्याणाची सुरुवात ते घरापासून करत. पोरगी चपळ होती, नेमही चांगला होता, पण मी हाती लागलो की ती मला असं कवटाळायची, जणू मी तिच्या लग्नातला आहेर. स्टोअरमधली लंबू होती. उंची अशी की हात वर केला की बोटं जाळीला टेकायची, पण दिलेला पास दहातून सहा वेळा हातून निसटायचा. सगळ्या हसायच्या.

आणि पॅकिंगमधल्या ताई होत्या. चाळिशीच्या, बुटक्या, दोन मुलांच्या आई. त्या पॉईंट गार्ड होत्या, म्हणजे चेंडू पुढे आणायचा आणि योग्य हातात द्यायचा. त्यांच्या हातात मी दोन टप्पे खाल्ले की निघालोच. पहिल्या आठवड्यात लंबूच्या हातून मी निसटलो, तेव्हा त्या हसल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला लंबूकडे फक्त उजव्या बाजूने पाठवायला सुरुवात केली. छातीच्या उंचीला, सावकाश. लंबू एकही पास सोडीना! संघाची तालीम घेणाऱ्या बाईंना वाटलं, आपल्या शिकवण्याला फळ आलं.

असं करत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. मग अधिकाऱ्यांनी गुणांचा कागद मागवला. आजवर खेळ बघायला ते फिरकले नव्हते, कागद मात्र बारकाईने वाचला.

"पॅकिंगच्या बाईंनी पाच सामन्यांत एकही बास्केट केली नाही? मग त्या मैदानात करतात काय?"

ताईंना बाकावर बसवलं. चेंडू आणायचं काम भाचीकडे गेलं.

पहिल्या अर्ध्यात भाचीने मला चौघींतून एकटीने नेलं आणि चौघींनी मला आळीपाळीने काढून घेतलं. अखेर वैतागून तिने मला लंबूकडे भिरकावलं, डावीकडून. मी थेट तिच्या नाकावर आदळलो. रक्त आलं.

मध्यंतराला आम्ही चौदा गुणांनी मागे होतो. अधिकारी कडाडले, "हिला दिसत नाही की काय?"

लंबूचा चेहरा पांढराफटक पडला. तिला खरंच डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. नोकरी जाईल म्हणून तिने ते लपवलं होतं. मला ते त्या दिवशी कळलं. ताईंना केव्हाच कळलं होतं.

ताई उठल्या. "साहेब, नाक तिचं फुटलंय. चेंडू मारणारीला विचारा की."

अधिकाऱ्यांनी भाचीकडे पाहिलं. ती रडवेली झाली होती. "मामा, मला नाही जमत हे. ताईंना घ्या ना."

मामांना एकाएकी त्यांच्यात गुण दिसले.

मैदानात उतरताना ताई भाचीला म्हणाल्या, "तू नुसती मोकळ्या जागेत पळ. चेंडूची काळजी माझी." ती पळाली, आणि जिथे पोचली तिथे मी आधीच आलेलो असे. तिने बारा गुण केले. कवटाळायला वेळच मिळाला नाही बिचारीला.

शेवटचे काही सेकंद, आम्ही एका गुणाने मागे. मी ताईंच्या हातात, समोर जाळी मोकळी.

"मारा! मारा ना!" अधिकारी ओरडले.

प्रतिस्पर्धी दोघी ताईंवर धावल्या. ताईंनी मला लंबूकडे दिलं. उजवीकडून. पुढचं सांगायला नकोच.

कपडे बदलायच्या खोलीत लंबूने हळूच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"ते तू सांगायचं. आणि घाबरतेस काय? खोकी रचायला एक डोळा पुरतो. साहेबांना दोन आहेत, तरी त्यांना काय दिसतं?"

लंबू नाकाला कापूस लावून हसली. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच कारखान्याच्या डॉक्टरांना सांगितलं. अजूनही ती स्टोअरमध्येच आहे.

फोटोत चषक भाचीकडे आहे, मी अधिकाऱ्यांकडे. फोटोग्राफर ताईंना म्हणाला, "बाई, जरा सरका, साहेब झाकले जातायत." त्या सरकल्या, फोटोतून बाहेर.

आता मी कचेरीत काचेच्या कपाटात असतो. अंगावर अधिकाऱ्यांची झोकदार सही आहे. येणारे-जाणारे विचारतात, "साहेब, तुम्ही खेळायचात?" साहेब नुसते हसतात.

माझी हवा हळूहळू उतरतेय. कुणाला दया आलीच, तर कपाट उघडा आणि मला पॅकिंगमध्ये ताईंकडे न्या. त्या मला दोन क्षणही जवळ ठेवणार नाहीत, लगेच कुणाला तरी देऊन टाकतील. मला तेच हवंय.