कोपरापर्यंत समुद्र

निवड लांबण्यात संजयचा फायदा होता, आणि तो लहानसहान नव्हता. कॅमेरा पाण्यात न्यायचा तर त्याच्याभोवती हवाबंद कवच लागतं, त्याला हाउसिंग म्हणतात. ते ठरेपर्यंत कॅमेरा कोरडा, आणि कॅमेरा कोरडा तोवर संजयही कोरडा. हाउसिंग आलं की मालवणला जायचं, दोघांनी समुद्राच्या तळापर्यंत उतरायचं, असं त्यानेच बायकोला, पूर्णिमाला, कबूल केलं होतं. पोहता मात्र त्याला येत नव्हतं, आणि हे तो तिला कधी बोलला नव्हता. न ठरवण्यात अब्रू शाबूत, घरात दर्यावर्दी म्हणून मान, आणि शिवाय रोज संध्याकाळी एक अख्खा समुद्र.

तो समुद्र सदाशिव पेठेतल्या त्यांच्या गॅलरीत भरायचा. खाली सिग्नल सुटला की स्कूटरींची लाट यायची, अडला की ओहोटी. पूर्णिमा गवार मोडत बसायची आणि संजय मांडीवर लॅपटॉप घेऊन उतरू लागायचा. ॲल्युमिनियमचं हाउसिंग घेतलं तर किती खोल जाता येईल, पारदर्शक प्लास्टिकचं घेतलं तर आत शिरलेला थेंब कसा लगेच दिसेल. पुढे घुमटासारखी काच लावली तर एकाच फोटोत अर्धं आभाळ आणि अर्धं पाणी. हळूहळू हाउसिंग मागे पडायचं आणि नुसतं पाणी उरायचं. उजेड खाली जाताना आधी तांबडा रंग हरवतो, मग पिवळा, असं तो सांगायचा, आणि गॅलरीतली जास्वंद खरोखरच निळी दिसू लागायची. शेवटी नेहमी एक कासव यायचं. म्हातारं, सावकाश. ते पूर्णिमाच्या गुडघ्याजवळून जायचं आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहायची.

संजयच्या हिशेबात एकच चूक होती. तो हे सगळं फार चांगलं सांगायचा. इतकं, की पूर्णिमाने पंचेचाळिशीत तलावावर बायकांच्या बॅचला नाव घातलं, नाकात पाणी जाऊन जाऊन नाक लालबंब करून घेतलं आणि पोहायला शिकली. आता तिला ते कासव खरोखर पाहायचं होतं. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं तीन वर्षं चाललेलं ती मोजत नसली तरी विसरलेलीही नव्हती.

संजयकडे कारणांचा तुटवडा नव्हता. हाउसिंग एकाच मॉडेलच्या मापाचं बनतं, दुसरा कॅमेरा त्यात बसत नाही. त्यामुळे दर वेळी निवड अगदी ठरत आली की कंपनी नवा कॅमेरा काढायची आणि संजय म्हणायचा, आता जुन्यासाठी घेणं म्हणजे वेडेपणा, जरा थांबू. कंपनीचे उपकार तो कधी बोलून दाखवत नसे.

यंदा थंडी सुरू झाली आणि पूर्णिमाने परस्पर खडकीतलं एक हाउसिंग शोधलं. अगदी त्यांच्याच मॉडेलचं. मालकीण दीक्षा नावाची दातांची डॉक्टर, दर हिवाळ्यात समुद्रात जाणारी. तिने कॅमेरा बदलला होता. संजयने तिच्या दिवाणखान्यात ते पारदर्शक कवच उजेडात धरून धरून पाहिलं. घुमटावर चरा निघाला. मग बिजागरी सैल वाटली. मग तो म्हणाला की ॲल्युमिनियमचाही एकदा विचार करायला हवा.

दीक्षाने चहा पुढे केला. "करा की. हे तुमच्याशिवाय कुणाच्या उपयोगाचं नाही. नाही नेलंत तर मी यात लसूण ठेवीन."

पूर्णिमाने ते पिशवीत घातलं. निघताना दीक्षाने नियम सांगितला: पहिल्यांदा कॅमेरा आत ठेवायचा नाही. नुसता टिश्यू पेपर ठेवून बंद करायचं आणि पाण्यात बुडवायचं. कागद कोरडा निघाला तरच पुढचं.

घरात फ्रिज आला तरी आधी त्याला हळदकुंकू लागतं, मग हे का सुटावं? आश्चर्य एवढंच, की एरवी देवापुढे उदबत्तीसुद्धा न लावणाऱ्या संजयने या वेळी पूजा स्वतः केली. उघड्या हाउसिंगला सढळ हाताने कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला. मनात काही ठेवून केली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण इतकी मन लावून केलेली पूजा त्या घराने पाहिली नव्हती.

मग न्हाणीघरात टब भरला. रिकामं हाउसिंग तरंगतं, म्हणून संजयने बाह्या सारून ते दोन्ही हातांनी खाली दाबून धरलं. ही त्याची पहिली डुबकी, कोपरापर्यंत. खिडकीतलं ऊन पाण्यातून फुटून फरश्यांवर हलत होतं. समोरच्या बिल्डिंगमधला कुकर कुठल्यातरी दूरच्या बोटीसारखा वाजला. घुमटाखाली पांढरा कागद एखाद्या जिवासारखा पडला होता, आणि बघता बघता त्याच्या एका कडेला गुलाबी रंग चढू लागला.

"गळतंय," संजय म्हणाला.

त्याने ते दुःखाने म्हणायला हवं होतं. तसा प्रयत्नही केला. पण खांदे सैल पडले, ते पूर्णिमाने पाहिलं. मग तो भराभर बोलू लागला: नशीब कॅमेरा वाचला, जुनी वस्तू ही अशीच, यंदाचं मालवण राहू दे, पुढच्या वर्षी नीट ॲल्युमिनियमचं पाहू.

पूर्णिमा टबाकडे बघत होती. पाणी नळाचं, नितळ. मग कागद गुलाबी कसा? तिने हाउसिंग पुसलं, उघडलं, झाकणाच्या खाचेतलं रबरी कडं नखाने उचललं. कड्याखाली कुंकवाचा लेप होता आणि त्यात रुतलेली अक्षतेची एक कणी. तेवढ्याने झाकण केसभर उचललं गेलं होतं. तिने कणी संजयच्या ओल्या तळहातावर ठेवली, खाच धुऊन कोरडी केली, नवा कागद ठेवून झाकण लावलं आणि या वेळी टबात स्वतःचे हात घातले.

कागद कोरडा निघाला.

"तुम्हाला पोहता येत नाही, ते मला लग्नापासून माहिती आहे," ती म्हणाली.

संजय कणीकडे बघत राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"छान उतरत होतात. मध्येच कशाला हाक मारायची?"

मालवणला पूर्णिमा उतरली. पोहता न येणाऱ्यालाही हाताला धरून खाली नेतो, असं बोटवाला सांगत होता. संजयने ते ऐकू न आल्यासारखं केलं आणि बोटीच्या कडेला घट्ट धरून बसला. तिचे बहुतेक फोटो हलले. एक मात्र नीट आला. खालून वर काढलेला: बोटीचा काळा तळ, त्यापलीकडे वितळलेला सूर्य, आणि काठावरून वाकलेला एक चेहरा, पाण्याच्या हालचालीने लांबट झालेला, म्हातारा, सावकाश.

आता संध्याकाळी गवार संजय मोडतो आणि पूर्णिमा सांगते. तळाची वाळू, गढूळपणा, कानातली कळ. खरा समुद्र तिच्याकडे आला. दीक्षाचं कपाट मोकळं झालं. कॅमेरा कोरडा राहिला. दिलं ते एकट्या संजयने, त्याचा अख्खा समुद्र, आणि तेवढ्यावर सुटकाही नाही. मालवणला कासव काही दिसलं नाही, म्हणून दिवे लागले की पूर्णिमा गप्प होते आणि त्याच्याकडे बघते. मग हातातली शेंग ठेवून ते कासव त्यालाच आणावं लागतं.