खारूच्या सेनापतीला अर्धा इंच

लग्न माझं ठरायचं होतं आणि परीक्षा घेणार होती अकरा वर्षांची मुलगी. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "माझी हरकत नाही, पण खारू नको म्हणाली तर विषय संपला." खारू म्हणजे त्यांची लेक. आणि खारूचा निरोप होता, "आधी माझ्याबरोबर एक डाव खेळायचा. मग सांगते."

मला वाटलं, पत्ते असतील. अठ्ठेचाळीस वर्षांचा शिंपी मी, पत्त्यांत कुणाला ऐकत नाही. रविवारी दुपारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तर जेवणाच्या टेबलावर चादरीच्या टेकड्या, पुठ्ठ्याची झाडं आणि बोटाच्या पेराएवढे शिपाई. एकीकडे लाल, एकीकडे निळे. खोक्यावर लिहिलं होतं, 'नवशिक्यांसाठी युद्ध. दोन खेळाडू. पाऊण तास.' हे लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.

"तुम्ही निळे," खारू म्हणाली. मामाने हा खेळ दिला होता, पण वर्षभर ती दोन्हीकडून एकटीच खेळत होती. "पायदळ चार इंच चालतं, घोडेस्वार सहा. मारायचं फासा टाकून, चार किंवा जास्त आले की समोरचा पडला. सेनापती पडला की डाव संपला. आणि तुमचे निम्मे पडले की उरलेल्यांसाठी फासा टाकायचा. एक आला तर ते पळतात."

"कुठे?"

"टेबलाबाहेर."

"माझेच शिपाई, मला न विचारता?"

"काका, ते घाबरलेले असतात."

मी मान डोलावली. सगळं डोक्यावरून गेलं होतं. झाडाआडचा शिपाई दिसत नाही म्हणे, आणि मला तर तो समोर ढळढळीत दिसत होता. टेकडीवरचा लांबवर मारतो, पण टेकडी चढणारा निम्मंच चालतो. मी एकाला हात लावला की ती पुस्तिका उघडायची आणि म्हणायची, "असं नाही चालत." दुकानात मी तीन कारागिरांवर डाफरतो, इथे अकरा वर्षांची पोर माझ्यावर डाफरत होती.

खोक्यातली मोजायची पट्टी फाटली होती, तेव्हा मी खिशातून माझी टेप काढली. निदान हे काम तरी आपलं. "दोघांचंही मीच मोजतो," म्हणालो. ती लगेच कबूल झाली आणि मला जरा हायसं वाटलं.

चार-पाच फेऱ्या झाल्या आणि खारूने माझं मनगट धरलं. "हे चार इंच नाहीत. साडेचार आहेत."

वाकून पाहिलं. खरंच साडेचार होते.

"मघाशीही तुम्ही असंच केलंत. माझ्या सगळ्यांना अर्धा इंच जास्त. तुमच्या घोड्यांना मात्र बरोबर सहा."

"अगं, गिऱ्हाइकाचं माप घेताना थोडं सैल सोडावंच लागतं. माणूस उठतो, बसतो, जेवतो..."

"हे जेवत नाहीत."

"हाताची सवय आहे ती."

"मग स्वतःच्यांना का नाही सोडलंत?"

आता काय सांगावं? स्वतःचे शर्ट मी गेली सव्वीस वर्षं उरल्यासुरल्या कापडात बसवतो. तिथे सैल कुठून सोडणार? मी हे तिला सांगितलं. सांगतानाच मला ते खोटं वाटायला लागलं.

"मामापण मुद्दाम हरायचा," खारू म्हणाली. "म्हणून मी त्याच्याशी खेळणं सोडलं."

बाईंच्या हातचा चहा, संध्याकाळी दुकान बंद करून दोघांनी चालत यायचं, सगळं त्या अर्ध्या इंचापायी जाणार होतं. खारूने एकेक करून तिचे शिपाई अर्धा अर्धा इंच मागे घेतले. सेनापतीलाही घेतलं. मग म्हणाली, "तुमची पाळी."

मागे सरकलेला सेनापती आता झाडाआडून उघडा पडला होता, माझ्या घोडेस्वारासमोर. मी टेप लावली. पुन्हा लावली. सहा इंच, ना कमी ना जास्त. मारलं नाही तर मी लबाड, मारलं तर पोरीच्या सेनापतीचा खुनी. नक्की काय केलं म्हणजे पास होतो, हे त्या पुस्तिकेत कुठेच नव्हतं. "पोहोचतोय," मी म्हणालो आणि डोळे मिटून फासा टाकला.

पाच आले. खारूने स्वतःच्या हाताने सेनापती आडवा केला.

तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. "झालं? काय ठरलं?"

खारूने पुस्तिका उघडून पानं मोजली. मग म्हणाली, "आई, यांना काहीच येत नाही. झाडं कळत नाहीत, टेकडी कळत नाही. पुस्तिकेची अजून बत्तीस पानं राहिलीत. रोज एक घेतलं तरी महिना जाईल. आणि रोज म्हणजे रोज. नुसतं रविवारी येऊन काही उपयोग नाही."

बाईंनी कप ठेवले आणि पदर डोळ्यांना लावून त्या आत वळल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते पाठीवरून मला काही कळलं नाही.

"म्हणजे," मी हळूच विचारलं, "हो की नाही?"

खारूने कपाळावर हात मारून घेतला. "आई, बघ ना! हेपण शिकवावं लागणार."