चिऱ्याच्या भिंतीतलं गोल दार

निशिगंधाने घरामागच्या परड्यात फक्कीची पांढरी रेघ ओढली आणि बागेच्या दाराच्या जागेपाशी येऊन थांबली. बागांचे आराखडे करणारी ही मुलगी त्यांच्याच गावातली, मांडवीतलीच होती. दीपक तिच्यामागून मोजपट्टीचं टोक धरून चालत होता.

तो बोटीवर नोकरीला असताना एकदा बोट दुरुस्तीसाठी शांघायला अडकली, तेव्हा त्याने जवळच्या सुचौ शहरातली एक जुनी बाग पाहिली होती. पांढऱ्या भिंतीत चंद्रासारखं गोल दार आणि एका नजरेत काहीच न दाखवणारी वाट. मग कुठल्याही बंदरातून फोन केला की तो बायकोला, मैनाला सांगायचा, घरी आलो की तुझ्यासाठी तश्शी बाग करतो. आता तो कायमचा आला होता.

निशिगंधा म्हणाली, चिनी माळी बाहेरचा डोंगर, शेजारचं देऊळ, जे दिसेल ते दारातून बागेत उसनं आणतात. आपण काय आणायचं?

"समुद्रच की," दीपक म्हणाला.

"समुद्र नको," मैना म्हणाली. "लग्न झाल्यापासून तोच बघत बसल्ये मी."

निशिगंधाने पायाने फक्की पुसली. दार स्वयंपाकघराकडे झालं, आणि समुद्राच्या बाजूला पुरुषाहून उंच चिऱ्याची भिंत उभी राहिली.

पाऊस सरेस्तोवर बाग लागली. जांभ्याचे खडक, कडेला सोनटक्का, लहानशा तळ्यात कमळं. भाजी चिरताना मान वर केली की गोल दारात दीपक दिसायचा. मैनाने जन्मभर एवढंच तर मागितलं होतं.

पण भिंतीपलीकडे भरतीची गाज सुरू झाली की झाडांना पाणी घालणारा त्याचा हात थांबे. मान भिंतीकडे कलायची, कट्ट्यावरचा चहा निवून जायचा. ती हाक मारी, आणि 'ओ' यायला क्षणभर उशीर होई. बोटीवरून फोन यायचा तेव्हा आवाज असाच उशिरा पोचायचा.

एका सकाळी तिने दीपकला बाजारात धाडलं आणि बाबू गवंड्याला बोलावून भिंतीचे वरचे थर कमरेपर्यंत उतरवून घेतले.

दीपक परतला तो मासळीची पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिला. भिंतीवरून थेट क्षितिजापर्यंत पाणी दिसत होतं.

"तुला नको होता ना?"

"मला नकोच हाय," पिशवी घेत ती म्हणाली. "तुमी बघा."

संध्याकाळी तो कट्ट्यावर बसला. मैना चहा घेऊन आली आणि समुद्राकडे पाठ करून त्याच्यासमोर बसली. उन्हं कलली तशी त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. कपाळावरची आठी हळूहळू विरली, ओठ किंचित उघडे राहिले. तर इतकी वर्षं तिकडे बोटीवर, एकटा असताना, हा असा दिसत असेल, तिच्या मनात आलं.

तिने त्याचा कप हातातच धरून ठेवला. हाक मारली नाही.