मी स्नेहलच्या काखेतला सीडी-चाळीस

मी फार जुन्या घराण्यातलं प्रथिन आहे, मित्रांनो. पाण्यातल्या माशांच्या अंगातही माझे भाऊबंद सापडतात. शास्त्रज्ञांनी माझं नाव सीडी-चाळीस ठेवलं. बारशाला कुणी असलं नाव ठेवतं का? असो. कर्नाटकातल्या, सीमेजवळच्या संतपूरच्या स्नेहलच्या काखेत, सगळ्यांच्या असते तशी, एक बारीक लसिका-गाठ आहे. त्या गाठीतल्या एका बी-पेशीच्या आवरणात मी रोवलेला असतो, अर्धा बाहेर, अर्धा आत.

बी-पेशी रोगाशी लढणारी प्रतिपिंडं करते. पण माझी पेशी भारी सावध. शत्रू ओळखला तरी एकटीच्या जोरावर ती फारसं काही करत नाही. टी-पेशी नावाची मदतनीस येते, खात्री करून घेते आणि माझा हात धरते. मग मी आत निरोप देतो, लाग कामाला! तो निरोप गेला नाही तर प्रतिपिंडं दुबळी निघतात. एवढं माझं काम, पण मला कधी कुणी विचारलं नाही.

यंदा सोयाबीन काढणीच्या दिवसांत पिसाळलेलं कुत्रं स्नेहलच्या पोटरीला चावलं. शेजारीण जखमेवर लावायला तिखट घेऊन आली. स्नेहलच्या आईनं, सुभद्राबाईनं, तिला परत पाठवलं. वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुतली आणि लेकीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं जखमेत औषध घातलं, दोन्ही दंडांच्या कातडीत लसीची पहिली सुई दिली. सुईतून रेबीजच्या विषाणूचा मेलेला नमुना आला आणि माझ्या पेशीनं तो ओळखला. खरा विषाणू मेंदूत पोचण्याआधी आमची प्रतिपिंडं तयार व्हायला हवी होती. तो पोचला असता तर स्नेहल वाचली नसती.

तिसऱ्या दिवशी दुसरी सुई झाली. नव्या नर्सबाई मल्लेश्वरी यांनी कार्ड हातात देत कन्नडमध्ये एवढंच म्हटलं, "एळु." सुभद्राबाईला कन्नड बोलता येतं आणि त्याचा तिला अभिमानही आहे. एळु म्हणजे ऊठ. ती लगेच उठली, लेकीला उठवलं आणि झालं एकदाचं म्हणत घरी आली.

पण एळु म्हणजे सातही!

सातवा दिवस गेला, सुई आली नाही. आम्ही गाठीत ताटकळत राहिलो. मला रडू आलं, लपवत नाही. आठव्या दिवशी सकाळी कन्नडमधलं कार्ड वाचता वाचता तिसऱ्या सुईपुढचा सातचा आकडा पाहून स्नेहल थबकली.

"माय, त्या बाई ऊठ म्हणल्या न्हाईत. सातव्या दिशी या म्हणल्या."

सुभद्राबाईचा चेहरा उतरला. "आन् मी उठून आले, व्हय?" भाकरी तव्यावर तशीच टाकून ती लेकीला घेऊन धावली. एकच दिवस उशीर झालाय, असं सांगत मल्लेश्वरीबाईंनी सुई दिली. त्या दिवसापासून कार्डावर त्या तारीख मराठीतही लिहू लागल्या.

आणि मित्रांनो, काय सांगू! नमुना आला, टी-पेशी आली, तिनं माझा हात घट्ट धरला. मी जीव तोडून निरोप दिला. एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, बघता बघता हजारो. नेटकी, चिवट प्रतिपिंडं रक्तात लोटली. काही पेशी तर शत्रूची ओळख जपून ठेवायला कायमच्या मागे राहिल्या.

अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई वेळेवर झाली. पुढे तपासणीसाठी रक्त गुलबर्ग्यामार्गे मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. प्रतिपिंडं पुरेशी आहेत, असा अहवाल आला. त्यात माझं नाव नव्हतं, पण मी मात्र फुगलो.

महिनाभर सुभद्राबाईनं लेकीला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. अहवाल ऐकून तिनं डोळे पुसले.

"जा बाई, खेळायला जा. आता मी मागं येत न्हाई."

मित्रांनो, कुत्रं चावलं तर जखम धुवा, लगेच दवाखाना गाठा, एकही सुई चुकवू नका. आत आम्ही हात पुढे करून उभे आहोत.