तीन नावांची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी, कोपऱ्यात चेपलेली पत्र्याची पाटी आहे. तेहरानच्या एका गल्लीत उस्ताद गोदरत या रंगाऱ्याने मला निळ्या रंगात न्हाऊ घातले आणि माझ्यावर नाव लिहिले, ‘दार’. ते महलका खानुमचे, म्हणजे महलकाबाईंचे, वर्तमानपत्र. धर्माच्या नावाने राज्य करणाऱ्यांनाही जाब विचारता यावा, एवढेच त्या लिहीत. लोक सकाळी रांग लावून अंक घेत. तेव्हा मी केवढी मिरवत होते!

सात महिन्यांत न्यायालयाने ‘दार’ बंद केले. खानुमनी दुसऱ्याच्या नावावरचा परवाना मिळवला. माणसे तीच, टेबले तीच, मीही तीच. माझ्यावर पांढरा हात फिरला आणि ‘खिडकी’ आली. तीही बंद झाली. मग हिरव्या रंगात ‘झरोका’.

“खानुम, पुढच्या खेपेला ‘फट’ ठेवा,” उस्ताद शिडीवरून म्हणाले.

“तुम्ही ब्रश वाळू देऊ नका म्हणजे झालं!”

त्याच आठवड्यात न्यायालयाचा अधिकारी आला. उस्ताद शेवटची अक्षरे घोटत होते. “वा! काय हात आहे तुमचा!” तो म्हणाला.

आमच्याकडे कौतुक झाले की आपलेच काम उणे करून दाखवायचे, ही रीत. उस्ताद लाजून बोलून गेले, “छे हो साहेब, कसलं काय! एकाच पत्र्यावर तिसऱ्यांदा लिहितोय, अक्षर बसतच नाही.”

अधिकाऱ्याने खिशातून चाकू काढून मला खरवडले. हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली निळा. बंद केलेले वर्तमानपत्र नाव बदलून चालवणे हा गुन्हा; तिन्ही वर्तमानपत्रे एकच, हा पुरावा मीच ठरले. खानुमना चार वर्षांची शिक्षा झाली. उस्तादांनी पुन्हा ब्रश धरला नाही. मला अजून स्वतःचा संताप येतो. पत्र्याला निदान गप्प राहता यायला हवे होते!

पुरावा म्हणून जप्त झालेली मी आता न्यायालयाच्या जिन्यापाशी टांगलेली आहे. माझ्यावर काळ्या रंगात लिहिले आहे, ‘प्रवेश बंद’.

सुटल्यावर खानुम जप्त केलेले कागद मागायला आल्या. कागद मिळाले नाहीत. जाताना माझा चेपलेला कोपरा पाहून त्या थबकल्या. त्यांनी नखाने काळा पोपडा काढला.

“खानुम, हात लावू नका!” पहारेकरी ओरडला.

“माझी आहे ती.”

“तुमचीच आहे हो, सगळं तुमचंच आहे,” तो रीतीप्रमाणे अदबीने म्हणाला, “पण हात लावायचा नाही.”

मित्रांनो, मला पुसू नका, नवा रंग तर मुळीच देऊ नका. कधी या जिन्यावरून गेलात, तर पहारेकऱ्याची पाठ फिरल्यावर कोपऱ्याला जरा नख लावा. निळ्यापर्यंत अजून दोन थर उरले आहेत.