दोन खांद्यांची बंदूक

मित्रांनो, जरा लांबच बसा आणि मला हात लावू नका. मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. माझ्यात काडतूस नाही, तरीही हात लावू नका. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्यातल्या जप्तीच्या सामानाच्या खोलीत आहे. शेजारी हातभट्टीचे चेपलेले डबे आहेत, बिनचाकाची एक सायकल आहे आणि कोपऱ्यात उंदरांचं बिऱ्हाड आहे. जिला बघायला एकेकाळी जत्रेत लोक माना उंच करायचे, तिच्या दस्त्यावर आता उंदीर दात घासतात. मला रडता आलं असतं तर मी रडले असते. पण बंदुकीला पाणी लागलं की गंज चढतो, म्हणून बोलून मोकळी होते.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या दोन नळ्या आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. घडवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने दस्त्याला इतकं तेल चोळलं होतं की त्यात तोंड दिसावं. तिथून मी सोलापूरच्या दुकानात आले आणि दुकानातून मुरुम या बाजारगावाजवळच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. तुमच्या गावाशेजारीही असंच एखादं गाव असेल.

माझे पहिले मालक नानासाहेब. शंभर एकरांचे धनी, पिळदार मिशा, आवाज असा की तीन शेतं ओलांडून जावा. ते मला खांद्यावर टाकून गावातून निघाले की पारावरची माणसं उठून उभी राहत. 'मालक, आज काय ससा का तितर?' असं कुणीतरी हसून विचारायचं. मालक मिशीत हसायचे. बाया डोक्यावरचा पदर सारखा करून बाजूला व्हायच्या, आणि त्याला सगळे अदब म्हणायचे. जत्रेत पालखी उठली की नानासाहेब मला आभाळाकडे करून बार काढत. हिच्यापुढे तेरखेड्याची शोभेची दारू फिकी, असं लोक म्हणत आणि मी फुलून जाई.

एकदा एका लग्नात मालकांचा हात हलला. छर्रे मांडवाच्या कडेला गेले आणि एक छर्रा हलगी वाजवणाऱ्याच्या दंडात घुसला. तो बिचारा खाली बसला. मांडवात कुणीतरी म्हणालं, 'मालकांचा नेम आज नवऱ्यामुलावर न्हाय गेला, हेच नशीब!' आणि सगळा मांडव हसला. हलगीवाल्याला नवा फेटा बांधला, लाडू दिले आणि प्रकरण तिथंच मिटलं. ठाण्यात कुणी गेलं नाही. गावात दहशत पसरली आहे, असंही कुणाला वाटलं नाही.

पुढे नानासाहेब थकले. त्यांचा मुलगा योगीराज याला कमरेला लावायचं पिस्तूल हवं होतं. 'ही लांब नळी घेऊन कोण हिंडतंय?' असं म्हणून त्याने मला सोलापूरच्या दुकानात नेऊन विकलं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तो आता कमरेच्या पिस्तुलासकट उभा असतो, आणि त्याखाली गावातली निम्मी पोरं शुभेच्छुक म्हणून झळकतात. मी मात्र दुकानाच्या भिंतीवर धूळ खात पडले.

तिथं एक दिवस नागसेन आला. शिडशिडीत, केस बारीक कापलेले, बोलणं कमी. फौजेत सतरा वर्षं काढून घरी परतलेला. मुरुमच्या एका पतसंस्थेला राखणदार हवा होता, पण अट अशी की बंदूक आणि परवाना त्याचा स्वतःचा पाहिजे. नागसेनने परवाना काढला होता. त्याने मला हातात घेतलं, बिजागरीतून नळी उघडून आरपार उजेड बघितला आणि दस्त्यावरून अंगठा फिरवला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की धरणं कशाला म्हणतात. या माणसाने माझं तोंड एकदाही कुणाच्या अंगाकडे केलं नाही.

आणि योग बघा, तो निघाला त्याच गावचा! नानासाहेबांचा वाडा वेशीच्या आत, नागसेनचं घर वेशीबाहेर बुद्धविहाराच्या मागं. फाट्यावर उतरून घरी जायचं तर वाट पारावरूनच. तोच रस्ता, तोच पार, तीच मी. फक्त खांदा बदलला होता.

पहिल्या दिवशी आम्ही पारापाशी आलो आणि बोलणी एकाएकी थांबली. कुणी उठलं नाही. ससा का तितर, असं कुणी विचारलं नाही. ग्रामपंचायतीचा सदस्य उत्तरेश्वर पारावर बसला होता. त्याने मला ओळखलं.

'ही तर नानासाहेबांची बंदूक!' तो म्हणाला. 'लढाईला चाललालास का रं नागसेन?'

'ड्युटीवरून आलोय, दादा. पतसंस्थेत गार्ड हाय,' नागसेन म्हणाला.

'मग गावातून नाचवत कशाला नेतूस?'

नागसेन नाचवत नव्हता. माझी नळी जमिनीकडे होती आणि पट्टा घट्ट आवळलेला होता. नाचवणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. मी पंचवीस वर्षं नाचले आहे.

मुरुमात मात्र आमची चैन होती. पतसंस्थेच्या दारात आम्ही उभे राहिलो की म्हातारी माणसं निर्धास्त आत जात. शाळेला जाणाऱ्या मुली त्याला सॅल्यूट ठोकायच्या. 'खरी हाय का ओ काका?' असं विचारायच्या. समोरचा चहावाला न सांगता कप धरायचा. तिथं नागसेनच्या खांद्यावर मी होते म्हणून लोकांना धीर येत होता. मग बस गावच्या फाट्याला लागली की तोच खांदा लोकांना खुपायला लागायचा.

आठवड्याभरात उत्तरेश्वर त्याच्या दारात आला. बोलणं गोड होतं. 'झाकून नेत जा की बाबा. बायामाणसं भित्यात.'

नागसेनने वाद घातला नाही. त्याची बायको नंदा, तिने त्याच्या जुन्या फौजी कांबळ्याची एक खोळ शिवली. शिवताना सुई बोटात गेली तेव्हा ती म्हणाली, 'नानासाहेबांच्या टायमाला कुणाच्या बायका भीत नव्हत्या व्हय?' नागसेनने सुई तिच्या हातून घेऊन पुढचा टाका घातला.

खोळीत घातली तर वेगळंच रामायण. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, 'काय हाय ओ त्यात?' नागसेनला खोटं बोलता येत नाही. त्याने सांगितलं. बाई किंचाळली, कंडक्टरने घंटी मारली, बस ठाण्याच्या दारात उभी राहिली. ठाण्यातले हवालदार बंडप्पा चांगला माणूस. त्यांनी परवाना बघितला आणि कपाळाला हात लावला. 'अहो, परवान्याची वस्तू लपवून कशाला नेता? उजळ माथ्यानं न्या की!' आणि गावात तोवर उत्तरेश्वरच म्हणत होता, 'आता लपवून आणतोय. कायतरी डाव हाय.'

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला पतसंस्थेतच ठेवावं, असं नागसेनने पतसंस्थेच्या साहेबांना विनवून बघितलं. ते म्हणाले, 'परवाना तुमचा, जबाबदारी तुमची. जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो.' मग तो लांबून, ओढ्याच्या काठाने, काट्याकुट्यातून घरी जायला लागला. त्यावर गाव म्हणालं, 'चोरवाटेनं हिंडतोय.' फौजेत हिमालय चढलेला माणूस स्वतःच्या गावात घरी जायचा रस्ता शोधत होता!

शेवटी व्हायचं ते झालं. ओढ्याच्या काठाने जाताना कुणीतरी त्याचं मोबाइलवर चित्रण केलं, त्याला ढँग ढँग संगीत जोडलं आणि 'गावात बंदूकधाऱ्याची दहशत' असं लिहून सगळीकडे पाठवलं. तक्रार झाली. चौकशी पुरी होईपर्यंत परवाना थांबवला गेला आणि मला या ठाण्यात जमा केलं. पतसंस्थेने महिनाभर वाट बघू, असं कळवलं.

नागसेन दर रविवारी तेलाची बाटली घेऊन यायचा. बंडप्पा मला बाहेर काढून टेबलावर ठेवायचे आणि तो माझ्या नळ्या पुसायचा. पुसता पुसता बोलायचा. ठाण्याच्या साहेबांनी गावातली दोन वजनदार माणसं आणायला सांगितली होती. या माणसाची आम्हाला भीती वाटत नाही, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. विहाराकडची माणसं तयार होती, पण ती म्हणे घरचीच.

'सगळ्यांच्या दारात गेलो, बंडप्पा,' तो म्हणायचा. 'गिरणीवाले बलभीमअण्णा म्हणले, तू देवमाणूस हाईस, पण माझं नाव नको. समदे देवमाणूसच म्हणत्यात. येत कुणी न्हाय.'

पुसलेलीच नळी तो जोर लावून पुन्हा पुन्हा घासायचा. ज्या बोटांत मी कधी हलले नाही, त्या बोटांत मी टेबलावर खडखड वाजायला लागले. मी तोंडाने एवढा मोठा आवाज काढणारी, पण त्याच्या बाजूने एक शब्द बोलता येत नव्हता.

महिना संपत आला तेव्हा तो एका सकाळी जवळजवळ धावत आला. 'नानासाहेब येतो म्हणले! सवता येतो म्हणले!' बंडप्पांनी त्याला पाणी दिलं. मलाही वाटलं, सुटलो. ज्यांनी मला पंचवीस वर्षं खांद्यावर मिरवलं, ते माझ्याबद्दल आणि याच्याबद्दल खरं बोलणार. दुसरा साक्षीदारही मग पाठोपाठ येईल, हे नागसेनलाही ठाऊक होतं. गाव नेहमी एकाच्या मागं चालतं.

नानासाहेब आले. काठी टेकत, योगीराजच्या गाडीतून. ठाणं उठून उभं राहिलं. साहेबांनी स्वतःची खुर्ची दिली, चहा आला. मी टेबलावरच होते. नानासाहेबांनी मला बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. 'आणा हिकडं,' म्हणून त्यांनी मला उचलून मांडीवर घेतलं. हात कापत होते, माझं तोंड आधी बंडप्पांकडे गेलं, मग साहेबांकडे, मग दाराकडे. त्यांच्याकडे आता परवाना नव्हता, बोट थेट घोड्यावर होतं. आणि सगळे हसत होते. एकाने फोटोसुद्धा काढला. 'नानासाहेब, अजून शोभते बरं का!' साहेब म्हणाले.

ज्याचा परवाना होता, तो भिंतीपाशी हात मागे बांधून उभा होता.

'मग काय लिहू?' साहेबांनी विचारलं. 'नागसेनची गावात कुणाला भीती वाटते का?'

नानासाहेबांनी माझ्या दस्त्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, 'पिकलं पान झालोय साहेब, खोटं कशाला बोलू? वाटतंय भ्या. मलाच वाटतंय.'

'तुम्हांला?'

'या पोरानं कुणाला कधी अरं म्हणलं न्हाय. बोट ठिवायला जागा न्हाय बगा. पण ह्यो हिला घिऊन वाटंनं चालला ना, की वाटतंय हिचा खरा मालक ह्योच. आमी नुसती नाचवली. ह्याच्या खांद्यावर ती शोभतीया. त्येचं भ्या वाटतंय.'

साहेबांनी त्यातलं 'भीती वाटते' एवढंच लिहून घेतलं.

नानासाहेबांना मी वाईट म्हणू शकत नाही. खोटं ते बोलले नाहीत. पण त्या क्षणी त्यांच्या मांडीवर मला इतकी शिसारी आली की एखादं काडतूस आत असतं तर मी आपणहून आभाळ फोडलं असतं. नागसेनने पुढे होऊन मला त्यांच्या मांडीवरून अलगद उचललं, नळी जमिनीकडे केली, टेबलावर ठेवलं आणि तो बाहेर गेला. त्यानंतर तो परत आला नाही.

परवाना रद्द झाला. पतसंस्थेने दुसरा माणूस नेमला. नागसेन आता नळदुर्गजवळ हायवेवरच्या एका ढाब्यावर काठी आणि शिट्टी घेऊन ट्रक लावून देतो.

परवाच्या रविवारी नंदा आली. तेलाची बाटली तिच्याच हातात होती. 'ह्येनी येत न्हायती, म्हणून म्या आले. गंजंल म्हणून,' ती बंडप्पांना म्हणाली. बंदूक कशी पुसायची ते तिला ठाऊक नव्हतं. देव्हाऱ्यातलं भांडं पुसावं तशी ती मला पुसत राहिली.

'नागसेनराव कसे आहेत?' बंडप्पांनी विचारलं.

'गावाचं लई चांगलं चाललंय,' नंदा म्हणाली. 'आता समदे बोलत्यात ह्यांच्याशी. उत्तरेश्वरदादा पारावर बसवून च्या पाजत्यात. शाना झाला म्हणत्यात. ह्येच कुणाशी बोलत न्हायती. घरात बी न्हाय. ताट वाढलं तर जेवत्यात, न्हाय वाढलं तर तसंच बसत्यात.' आणि ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली. बंडप्पांनी तेलाची बाटली उचलली आणि उरलेली नळी स्वतः पुसली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी एकच मागणं मागतात, आम्हाला सांभाळा म्हणून. मी ते मागत नाही. मी गंजून मोडले तर जगाचं भलंच होईल. पण तुम्ही कधी त्या हायवेने गेलात, आणि एक शिडशिडीत माणूस काठी हातात घेऊन तुमची गाडी लावून देताना दिसला, तर काच खाली करा आणि त्याला नागसेनराव म्हणून हाक मारा. तो बोलणार नाही. तरी उभे राहा. त्या चौकशीत सगळ्या गावाला विचारलं गेलं, तुम्हांला याची भीती वाटते का. तुला गावाची भीती वाटते का, असं त्याला कुणीच विचारलं नाही. मी त्याच्या खांद्यावर होते. पार जवळ आला की त्याच्या मानेची शीर माझ्या पट्ट्याखाली धडधडायची, आणि ती घरचं दार लागेपर्यंत थांबायची नाही.